झिजणाऱ्या चकतीची गोष्ट

मृगाचा पाऊस सुरू झाला, की लांज्याच्या वाड्यावस्त्यांवर वीज कधी जाईल याचा नेम नसतो. मग घरातला मोबाइल हाच कंदील होतो. त्याच्या पोटातल्या लिथियम-आयन बॅटरीचा मूळपुरुष म्हणजे इटलीचा आलेस्सांद्रो व्होल्टा.

१७४५ साली कोमो गावी जन्मलेले हे पोर चार वर्षांचे होईतो बोलतच नव्हते, असे सांगतात. पुढे तोच मुलगा पाविया विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा नामवंत प्राध्यापक झाला.

१७९१ मध्ये बोलोन्याच्या लुइजी गाल्वानीने जाहीर केले, की मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन धातू टेकवले की पाय झटका देतो. म्हणजे वीज प्राण्याच्या अंगातच असते. व्होल्टाला ते आधी पटले. मग शंका आली: वीज बेडकात, की त्या दोन धातूंत? वाद पेटला. नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ नाकारून गाल्वानीने नोकरी गमावली आणि १७९८ मध्ये तो वारला.

पुढच्याच वर्षी व्होल्टाने बेडूक बाजूला ठेवला. जस्ताची चकती, चांदीची चकती, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत त्याने रचली. सतत वाहणारी वीज माणसाच्या हाती प्रथमच आली! १८०१ मध्ये नेपोलियनने पॅरिसला तो प्रयोग पाहिला आणि व्होल्टाला सुवर्णपदक देवविले.

पण एक गोष्ट या थोर माणसाच्या नजरेतून निसटली. वीज नुसत्या धातूंच्या स्पर्शातून येते, असेच तो मानत राहिला. प्रत्यक्षात जस्त झिजत होते आणि विजेची किंमत तेच मोजत होते. गाल्वानीचेही सारे चुकले नव्हते. आपल्या मज्जातंतूंत वीज खेळते, हे पुढे सिद्ध झाले.

जस्ताच्या त्या जागेला आता ॲनोड म्हणतात. मोबाइलमध्ये तिथे बहुधा ग्राफाइट असते. सिलिकॉन त्याच्या कितीतरी पट लिथियम साठवतो. पण साठवताना तिपटीहून मोठा फुगतो आणि तडकतो. म्हणून त्याचे अतिसूक्ष्म कण कार्बनमध्ये गुंफून, फुगायला जागा ठेवून, नॅनोकॉम्पोझिट ॲनोड तयार करतात. झीज काही सुटलेली नाही, ती आता ओळखून आवरली जाते.

५ मार्च १८२७ रोजी व्होल्टा कोमोलाच निवर्तला. १८८१ मध्ये विद्युत्दाबाच्या एककाला त्याचे नाव मिळाले. वीज परतल्यावर चार्जर लावाल, तेव्हा त्यावरचा ‘व्होल्ट’ हा शब्द जरूर वाचा.