नोकरी मित्राला मिळाली, नोबेल दोघांनाही : जॉर्ज स्टिगलर यांचा किस्सा

मोबाईल घ्यायचा ठरला की आपण दोन ॲप बघतो, तीन दुकानं फिरतो आणि चौथ्या दुकानात कंटाळून घेऊन टाकतो. पाचव्या दुकानात दोनशे रुपयांनी स्वस्त मिळाला असता, हे माहिती असूनही. या कंटाळ्याचा हिशोब अर्थशास्त्रात मांडला जॉर्ज स्टिगलर यांनी.

स्टिगलर यांचा जन्म 1911 चा, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला. आईवडील युरोपातून आलेले. जुनी घरं घ्यायची, दुरुस्त करायची आणि विकायची हा त्यांचा उद्योग. त्यामुळे सोळाव्या वर्षापर्यंत पोरानं सिएटलमध्ये सोळा घरं बदलली होती. 1938 मध्ये शिकागो विद्यापीठातून पीएचडी झाली, मग मिनेसोटात शिकवायला लागले.

1946 मध्ये शिकागोतच प्राध्यापक व्हायची संधी आली. पण मुलाखतीत विद्यापीठाच्या अध्यक्षांना हा माणूस सिद्धांतापेक्षा आकडेवारीतच जास्त रमणारा वाटला आणि नकार आला. ती जागा मिळाली मिल्टन फ्रिडमन यांना. म्हणजे मिनेसोटात ज्यांच्यासोबत एकाच खोलीत बसायचे, त्या मित्राला! दुसरा कुणी असता तर मैत्री तिथंच संपली असती. यांची आयुष्यभर टिकली.

स्टिगलर ब्राऊनला गेले, मग कोलंबियाला. शिकागोनं त्यांना बोलावलं ते थेट 1958 मध्ये.

तीन वर्षांनी, 1961 मध्ये, त्यांचा माहितीच्या अर्थशास्त्रावरचा निबंध आला. तोवरची पुस्तकं सांगायची की एका बाजारात एका वस्तूचा एकच भाव असतो. स्टिगलर यांनी शिकागोतल्या डीलरकडचे शेवरोले गाडीचे भाव मांडले. गाडी तीच, थोडी घासाघीसही झालेली, तरी भाव 2350 ते 2515 डॉलर!

असं का? तर भाव शोधायलाही वेळ आणि पैसा लागतो. पहिल्या दोन-तीन दुकानांत बरीच बचत होते, पुढं ती घटत जाते. बचतीपेक्षा वणवण महाग पडायला लागली की गिऱ्हाईक थांबतं. हा काही त्याचा मूर्खपणा नाही, व्यवहार आहे. म्हणून गाडीसाठी माणूस दहा ठिकाणी फिरतो, साबणासाठी नाही. जाहिरातीही याच हिशोबात बसतात, कारण त्या शोधाचा खर्च वाचवतात. (आजच्या जाहिराती बघून हे पटायला जरा जड जातं.)

1971 मध्ये त्यांनी आणखी एक सुरुंग लावला. सरकारी नियम बऱ्याचदा ग्राहकाच्या नाही, तर त्या उद्योगाच्याच सोयीचे बनतात, असं त्यांचं म्हणणं होतं. अर्थात सगळ्याच नियमांना हे लागू होत नाही, पण परवान्यांच्या राज्यात वाढलेल्या भारतीयांना ते अगदीच परकं वाटणार नाही.

फ्रिडमन यांना नोबेल 1976 मध्ये मिळालं होतं, स्टिगलर यांना 1982 मध्ये मिळालं. रेगन सरकारनं कौतुकानं त्यांना व्हाईट हाऊसमध्ये पत्रकारांसमोर उभं केलं. माणूस खुल्या बाजाराचा, म्हणजे आपलाच, असा सरकारचा समज. स्टिगलर यांनी तिथंच देशात मंदी असल्याचं सांगितलं आणि सरकारच्या लाडक्या आर्थिक धोरणाची खिल्ली उडवली. थोड्याच वेळात त्यांना माइकपासून बाजूला नेण्यात आलं.