विश्लेषण : गिरणीच्या साच्यापासून वीजधोरणापर्यंत… डॉ. आंबेडकरांनी काय केले?

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून गिरणीत जाणाऱ्यांत दलित कामगारही होते. जास्त मजुरीच्या साचाखात्यात मात्र त्यांना प्रवेश नव्हता. कारण? धोट्यात नवी कांडी घालताना सूत तोंडाने ओढावे लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ वाटे. यंत्र विलायती, विटाळ गावचाच!

परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षे राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी (१८९१-१९५६) १९२८च्या गिरणी संपात हा प्रश्न लावून धरला. १९३६मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४२मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, मजूर खाते त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या मुलांना सरकारी छापखाने आणि रेल्वे कारखान्यांत उमेदवारीची संधी मागितली.

विजेचे नियोजनही याच खात्याकडे होते. उद्योग वाढवायचे तर वीज स्वस्त, मुबलक आणि सरकारच्या हाती हवी, ही त्यांची भूमिका. १९४४मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. वीजपुरवठा कायदा झाला १९४८मध्ये. तोवर ते कायदामंत्री झाले होते.