बिनतारी लहरींचे जगदीशचंद्र
संदेशवहनासाठी तार अपरिहार्य मानली जात असताना, १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडून अदृश्य लहरींनी घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखवली. या लहरींची लांबी अवघी काही मिलिमीटर होती.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी जन्मलेले बोस स्वाभिमानी होते. प्रेसिडेन्सी कॉलेजात युरोपीय प्राध्यापकांहून कमी वेतन देऊ केल्यामुळे तीन वर्षे त्यांनी पगार नाकारला. अध्यापन मात्र थांबवले नाही. स्वामित्वहक्काची त्यांना नावड होती. स्नेह्यांच्या आग्रहामुळे १९०४ मध्ये लहरी टिपणाऱ्या स्फटिकाचे अमेरिकी पेटंट मिळाले, पण त्यातून त्यांनी धन जोडले नाही. बिनतारी संदेशवहनाचे नोबेल १९०९ मध्ये मार्कोनी व ब्राऊन यांना मिळाले. बोस तोवर वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले होते. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.