देह थकला, दार उघडे राहिले

गुरुपौर्णिमेनिमित्त श्रीरमण महर्षींचे पुण्यस्मरण

आषाढ शुद्ध पौर्णिमा ही व्यासपौर्णिमा. या दिवशी घरोघरी गुरुपूजन होते, मठमंदिरांत दर्शनार्थींची रीघ लागते आणि पंढरीत गोपाळकाल्याने आषाढी वारीची सांगता होते. परंतु प्रत्येक कुटुंबात एखादी तरी वडीलधारी व्यक्ती अशी असते, की तिला आता देवळाची पायरी चढवत नाही. गुडघे साथ देत नाहीत, औषधाच्या वेळा चुकवता येत नाहीत, अंथरुणापासून उंबरठ्यापर्यंतचे अंतरही दूरचे वाटू लागते. आपल्या हातून आता सेवा घडत नाही, उलट आपणच दुसऱ्यांकडून सेवा घेतो, ही खंत अशा भाविकांच्या मनाला शरीराच्या दुखण्याहून अधिक जाचते. त्यांच्यासाठी आजच्या पुण्यदिनी अरुणाचलवासी भगवान श्रीरमण महर्षींच्या चरित्राचे स्मरण करावेसे वाटते. महर्षींच्या आत्मविचाराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुखणाईत शरीर घेऊन त्यांनी रोजचे दिवस कसे काढले, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

तमिळ प्रदेशातील तिरुच्चुळी या क्षेत्री ३० डिसेंबर १८७९ रोजी सुंदरम् अय्यर व अळगम्मा या दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. नाव वेंकटरमण. १८९२ मध्ये पित्याचे छत्र हरपले आणि मुलगा मदुराईस काकांच्या घरी राहू लागला. १८९६ च्या जुलै महिन्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, प्रकृती निरोगी असताना एके दिवशी अकस्मात मृत्यूच्या भयाने त्याला घेरले. कोणाला हाक न मारता तो भुईवर निश्चेष्ट पडून राहिला आणि देह गेल्यावर मागे काय उरते याचा त्याने अंतर्यामी शोध घेतला. देहाहून वेगळे असे आपले स्वरूप त्या घटकेस त्याला उमगले. त्यानंतर घरात मन रमेना. १ सप्टेंबर १८९६ रोजी तो अरुणाचलाच्या पायथ्याशी, तिरुवण्णामलै येथे येऊन पोहोचला. पुढे ५४ वर्षे, अखेरच्या श्वासापर्यंत, महर्षींनी ते क्षेत्र सोडले नाही.

आरंभीच्या त्या दिवसांत देहाचे भान त्यांना जवळजवळ नव्हतेच. अरुणाचलेश्वराच्या मंदिरातील पाताळलिंगाच्या अंधाऱ्या तळघरात ते समाधिमग्न बसून असत. कीटकांच्या दंशाने मांड्यांना जखमा झाल्या, तरी ते हलले नाहीत. अखेर लोकांनीच त्यांना उचलून बाहेर आणले आणि त्याचीही जाणीव त्यांना झाली नाही. ही कथा भाविकांना फार प्रिय आहे. परंतु महर्षींच्या चरित्राचा तो केवळ पहिला अध्याय. तसे बसणे आपल्यासारख्यांना साधणारे नाही. आपल्याला जवळचे वाटावेत ते त्यांचे उत्तरायुष्यातील महर्षी, ज्यांना वेदना होत होत्या, काठी लागत होती आणि तरीही ज्यांचा दिनक्रम चालू होता.

१८९९ पासून सुमारे सतरा वर्षे विरूपाक्ष गुहेत आणि त्यानंतर १९२२ पर्यंत स्कंदाश्रमात त्यांचे वास्तव्य झाले. उतारवयात माता अळगम्मा पुत्राजवळ येऊन राहिल्या होत्या. १९ मे १९२२ रोजी त्यांचा अंतकाळ समीप आला, तेव्हा दिवसभर महर्षी त्यांच्या उशाशी बसून राहिले. एक हात मातेच्या हृदयावर आणि दुसरा मस्तकावर. प्राण जाईपर्यंत ते तेथून उठले नाहीत. डोंगराच्या पायथ्याशी मातेची समाधी बांधण्यात आली आणि तिच्याभोवतीच आजचा श्रीरमणाश्रम उभा राहिला. रुग्णाजवळ नुसते शांतपणे बसणे ही केवढी मोठी सेवा असते, हे त्या दिवसाने सर्वांना दाखविले.

त्या काळी महर्षींच्या पायांत बळ होते. अरुणाचलाची सुमारे चौदा किलोमीटरांची प्रदक्षिणा ते भक्तांसह वारंवार करीत. १९२६ च्या सुमारास या प्रदक्षिणा थांबल्या. आश्रमात मात्र ते रिकामे कधी बसले नाहीत. पुष्कळ वर्षे उत्तररात्रीच उठून ते स्वयंपाकघरात जात, भाजी चिरीत, चटणी वाटीत. भाजीचे देठ वा साल वाया गेलेले त्यांना खपत नसे. मिळालेल्या वस्तूचा योग्य तो उपयोग करणे ही त्यांची सहजवृत्ती होती.

वय वाढले तसा संधिवात बळावला. गुडघे आखडू लागले आणि पाठही दुखे. चालताना काठी हाती आली. सेवेकरी तेल घेऊन पाय चोळीत. काठी घेऊन ते आश्रमाच्या आवारात आणि डोंगराच्या उतारावर ठरल्या वेळी फेरी मारून येत. ते हळू चालत, पण फेरी चुकत नसे.

याच काठीची एक हकीकत त्यांचा स्वभाव सांगून जाते. एकदा एक कुत्रा खारीच्या पाठीस लागला. महर्षींनी त्याला हाक मारली आणि हातातील काठी दोघांच्या मध्ये भिरकावली. त्यात तोल जाऊन ते पडले आणि त्यांचे गळ्याखालचे हासळीचे हाड मोडले. कुत्र्याचे लक्ष विचलित झाले, खार वाचली. ज्याला स्वतःलाच आधार हवा, त्याने हातचा आधार एका खारीसाठी क्षणाचाही विचार न करता टाकून द्यावा, हे चित्र मनात घोळवण्याजोगे आहे. दुखण्याने माणसाचे जग आक्रसते. माझे औषध, माझे पथ्य, माझी झोप एवढ्यावरच ते येऊन थांबते. महर्षींचे जग तसे आक्रसले नाही. १८ जून १९४८ रोजी आश्रमाची लाडकी गाय लक्ष्मी मरणपंथाला लागली, तेव्हा अडुसष्ट वर्षांचे महर्षी गोठ्यात तिच्याजवळ बसले आणि तिच्या मस्तकावर त्यांनी हात ठेवला. आश्रमाच्या आवारात तिचीही समाधी आहे.

स्वतःसाठी वेगळे काही घेणे त्यांना कधी रुचले नाही. पंक्तीत सर्वांना जे वाढले जाई, तेच त्यांच्या पानात असावे असा त्यांचा कटाक्ष असे. प्रकृतीसाठी म्हणून कोणी विशेष पदार्थ आणला, तर तो सर्वांना वाटला जाई. वृद्धत्वामुळे त्यांना दुपारी विश्रांती मिळावी, म्हणून व्यवस्थापकांनी एकदा बारा ते दोन या वेळेत दर्शनार्थींनी सभागृहात येऊ नये असे ठरविले. ही गोष्ट कानी येताच महर्षी बाराच्या ठोक्याला उठून बाहेर जाऊन बसले. सभागृह बंद असेल, पण भेटायला आलेल्या माणसाने माघारी का जावे, एवढाच त्यांचा विचार होता.

खरी कसोटी पुढेच होती. १९४८ च्या अखेरीस त्यांच्या डाव्या कोपराखाली एक लहानशी गाठ दिसू लागली. ९ फेब्रुवारी १९४९ रोजी ती काढण्यात आली. महिनाभरात ती पुन्हा उद्भवली. १७ मार्च रोजी मातृभूतेश्वर मंदिराचा कुंभाभिषेक झाला. त्या सोहळ्यास महर्षी उपस्थित होते. २७ मार्चला दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि गाठ कर्करोगाची असल्याचे निष्पन्न झाले. हात काढून टाकावा असे वैद्यांनी सुचविले. त्याला मात्र महर्षींनी संमती दिली नाही. रेडियमचे उपचार झाले. ७ ऑगस्टला तिसरी आणि १९ डिसेंबरला चौथी शस्त्रक्रिया झाली. मधल्या काळात होमिओपॅथी झाली, आयुर्वेदही झाला.

उपचारांविषयी त्यांची वृत्ती ध्यानात घेण्यासारखी आहे. औषध त्यांनी स्वतः मागितले नाही, पण प्रेमाने कोणी दिले तर ते नाकारलेही नाही. एका वैद्याचा उपचार संपून दुसऱ्याचा सुरू झाला, तर पहिल्याचे मन दुखावणार नाही याची ते काळजी घेत. भक्तांना समाधान वाटते ना, मग तसे होऊ द्यावे, अशी त्यांची धारणा होती. आपल्या संकल्पाने त्यांनी रोग दूर करावा, अशी विनवणी भक्तांनी रडून केली. ती त्यांनी मानली नाही. संकल्प करणारा वेगळा कोणी आपल्या ठायी उरलेलाच नाही, असे त्यांचे सांगणे होते. वेदना नाहीत असेही त्यांनी कधी भासविले नाही. देह दुखतो, तो त्याचा धर्म आहे. त्या दुखण्यापुढे दीन होणे त्यांच्या ठायी नव्हते.

ऑगस्टमधील शस्त्रक्रियेच्या दिवशी सायंकाळीच ते दवाखान्याच्या ओसरीवर बसले आणि भक्तांनी एकेक करून पुढून जात दर्शन घेतले. त्यानंतर अशक्तपणा वाढत गेला आणि सभागृहात जाणे होईना. तेव्हा समोरच्या एका लहानशा खोलीत त्यांची व्यवस्था करण्यात आली. १९५० च्या जानेवारीच्या आरंभी त्यांची सत्तरावी जयंती झाली. पुढे उठणेही कठीण झाले. तरीही सकाळ-सायंकाळच्या दर्शनाच्या वेळा त्यांनी मोडू दिल्या नाहीत. उघड्या दारासमोरून माणसे मुकाट्याने पुढे सरकत आणि कोचावर पहुडलेल्या महर्षींची दृष्टी त्यांच्याकडे असे. खोलीबाहेर पाऊल टाकता येत नव्हते, म्हणून त्यांनी दारच उघडे ठेवले. त्या अखेरच्या दिवसांत बाहेर मोर केकाटला, तर त्याला दाणे मिळाले की नाही, याची चौकशी त्या खोलीतून होई.

१४ एप्रिल १९५० चा दिवस उजाडला. तो शुक्रवार होता. त्या दिवशीही भक्तांनी दर्शन घेतले. शेजारी वावरणाऱ्या सेवेकऱ्यांविषयी त्यांनी कृतज्ञता व्यक्त केली. इंग्रजांच्या भाषेत आभारासाठी एक शब्द आहे, आपण मात्र केवळ संतोषम् एवढेच म्हणतो, असे ते त्यांना म्हणाले. रात्रंदिवस जवळ राहणाऱ्यांना हा केवढा प्रसाद! सायंकाळी त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना उठवून बसविण्यात आले. बाहेर ओसरीवर भक्तांनी त्यांनीच रचलेले अरुणाचलाचे अक्षरमणमालै हे स्तोत्र आरंभिले. ते ऐकून त्यांचे डोळे क्षणभर उघडले आणि नेत्रकडांतून अश्रू ओघळले. रात्री ८ वाजून ४७ मिनिटांनी श्वास थांबला. त्याच वेळी आकाशातून एक तेजोरेषा अरुणाचलाच्या दिशेने गेलेली अनेकांनी पाहिली. तेव्हा आश्रमात असलेले जगद्विख्यात फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनीही ती पाहिल्याचे नमूद केले आहे.

भाविकहो, महर्षींसारखी देहातीत अवस्था आपल्याला लाभेलच असे नाही. परंतु त्यांच्या दिनक्रमातील काही गोष्टी आपल्या घरातही उतरू शकतात. वैद्याने सांगितलेले उपचार त्रागा न करता घ्यावेत. जवळच्यांनी केलेल्या सेवेबद्दल संतोषाचे दोन शब्द बोलावेत. अंथरुणावरूनही कोण उपाशी आहे, कोण थकले आहे, याची विचारपूस करावी. आणि घरातील निरोगी माणसांनीही आजाऱ्याच्या खोलीचे दार लोटून घेऊ नये. दिवसातून थोडा वेळ त्यांच्याजवळ नुसते बसावे. ज्यांना आज देवळापर्यंत जाता येत नाही, त्यांच्या खाटेजवळच गुरुपूजेचे पाट मांडावे आणि पहिले फूल त्यांच्या हातून वाहवून घ्यावे. चौदा किलोमीटरांची प्रदक्षिणा थांबल्यावरही अरुणाचल त्या महात्म्यापासून दूर गेला नव्हता. खिडकीतून तीर्थाकडे हात जोडणाऱ्या आपल्या वृद्धांपासूनही त्यांचा विठ्ठल दूर गेलेला नाही.

श्रीरमण महर्षींच्या चरणी सादर प्रणाम.