कुस्तीशौकीन राजर्षी

बंगळूर छावणीतील फ्रेझर टाउन या वस्तीतून आपल्यापैकी अनेकांचे नित्य जाणे-येणे असते. तिचे अधिकृत नाव आता पुलकेशीनगर असले, तरी जुने नाव लोकांच्या तोंडून गेलेले नाही. ज्या स्टुअर्ट फ्रेझरसाहेबांवरून ते पडले, ते १९०५ ते १९१० या काळात म्हैसूर संस्थानचे ब्रिटिश रेसिडेंट म्हणून याच शहरी राहत असत. त्यापूर्वी ते म्हैसूरचे तरुण महाराज चौथे कृष्णराज वडियार यांचे शिक्षक होते. आणि त्याही आधी, धारवाडास, एक धिप्पाड मराठी राजपुत्र त्यांच्या देखरेखीखाली शिकत होता. तो राजपुत्र म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज. ज्या कन्नड भूमीने आपल्याला आसरा दिला, तिच्याशी महाराजांचा ऋणानुबंध असा जुना आहे. त्यांच्या समाजकार्याविषयी थोरामोठ्यांनी विपुल लिहिले आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत आम्ही त्यांचे चरित्र एका वेगळ्या वाटेने सांगणार आहोत, ती वाट म्हणजे त्यांचा कुस्तीचा शौक.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. मातोश्री राधाबाई या मुधोळच्या राजघराण्यातल्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या. मुलगा तीन वर्षांचा असतानाच त्या निवर्तल्या. पुढे १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईंनी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि नऊ वर्षांचे ते मूल कोल्हापूरच्या गादीचे धनी झाले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि त्यानंतर धारवाडास शिक्षण पूर्ण करून २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानी धरावी. ज्या कोल्हापूरचा अभिमान महाराजांनी जन्मभर वाहिला, ते त्यांच्या घराण्याचे मूळ गाव नव्हे. ते त्यांना दत्तकविधीने मिळालेले गाव होते.

भरदार देहयष्टीच्या या राजाला कुस्तीचे विलक्षण वेड होते. कोल्हापूरच्या पेठापेठांतून तालमी होत्या. पहाटे तांबड्या मातीत घुमणारे शड्डू हा त्या शहराचा भूपाळीइतकाच परिचित आवाज होता. महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, त्यांच्या खुराकाची सोय केली आणि देशोदेशीच्या नामांकित पैलवानांना आपल्या नगरीत पाचारण केले. राजाश्रयाची अशी उदाहरणे इतर संस्थानांतही सापडतील. परंतु बहुतेक राजेरजवाड्यांची कुस्ती ही दरबारी करमणूक होती. कोल्हापुरात ती अवघ्या रयतेची झाली, आणि याचे मर्म खासबागेच्या मैदानात सापडते.

सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त १९०२ साली महाराज युरोपास गेले. त्या प्रवासात रोम येथील प्राचीन कलोसियम त्यांच्या दृष्टीस पडले. भग्नावशेष पाहून हळहळणारे प्रवासी पुष्कळ असतात. महाराजांनी मात्र त्यात आपल्या गावच्या कुस्तीशौकिनांची सोय पाहिली. १९०७ मध्ये खासबागेत काम सुरू झाले आणि १९१२ मध्ये मैदान सिद्ध झाले. मधोमध हौदा आणि त्याच्या भोवती वर वर चढत गेलेली मातीची उतरंड, अशी त्याची रचना. दृष्टीआड येणारा खांब कोठेही नाही. पुढच्याच्या फेट्यामुळे मागच्याचा डाव हुकावा, असेही होत नाही. डोक्यावर भाकरीचे गाठोडे घेऊन दहा कोस चालत आलेला शेतकरी शेवटच्या रांगेत बसला, तरी त्याला तीच कुस्ती दिसे, जी राजाला दिसे. खऱ्या शौकिनाची ही खूण आम्हांस वाटते. आपल्याला उत्तम जागा मिळाली एवढ्याने त्याचे समाधान होत नाही. शेवटच्या माणसाला दिसल्यावाचून त्याला स्वतःचा आनंद अपुरा वाटतो. आणि हा शौक राज्याच्या जिवावर उठलेला नव्हता. त्याच सुमारास भोगावती नदीवरील राधानगरी धरणाचे कामही महाराजांनी हाती घेतले होते. पाण्याची चिंता करणारा राजा आणि कुस्तीसाठी आतुर होणारा राजा, हे दोघे एकच होते.

मैदानाच्या उद्घाटनाची कुस्ती कोणाची लागली, हेही पाहण्यासारखे आहे. थोरल्या गामाचा धाकटा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन हे उत्तरेकडचे मल्ल त्या हौद्यात उतरले. दोघांपैकी कोणीही कोल्हापूरचा नव्हता. आपल्या गावाचा अभिमान बाळगणाऱ्या राजाला पाहुण्याच्या डावाला दाद देण्यात कमीपणा वाटला नाही. उलट, थोर मल्ल गावात आल्याखेरीज गावची पोरे तयार होणार नाहीत, हे तो जाणून होता.

हौद्याच्या तांबड्या मातीत जात विरघळते असे आपण सहज म्हणतो. पण त्या काळी ती आपोआप विरघळत नव्हती. अस्पृश्य मानलेल्या समाजांतील मल्लांशी हात मिळवण्यास इतरांनी कचरू नये, म्हणून महाराजांनी त्या मल्लांना नवी नामाभिधाने दिली. गंगाराम कांबळे या अस्पृश्य समाजातील गृहस्थांनी चहाचे दुकान थाटले, तेव्हा महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेऊ लागले. राजाने घेतलेला चहा नाकारण्याची प्राज्ञा कोणाची? १९०२ साली नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा, १९१९ साली सार्वजनिक ठिकाणची शिवाशिव कायद्याने बंद करणारा आणि खासबागेत शेवटच्या रांगेची काळजी वाहणारा राजा एकाच न्यायाने वागत होता.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. परंतु त्यांनी लावलेले वेड गावाने टिकवले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा त्यांच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले, आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे मूळचे बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे; त्यांनाही कोल्हापूरने आपले मानले. पुढे याच पेठा फुटबॉलच्या नादी लागल्या. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही आज फुटबॉल संघांची नावे आहेत, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे पेठेतील लहानथोर आपल्या संघामागे उभे राहतात. चेंडू विलायती असला, तरी संघांच्या नावांतील तालीम सुटलेली नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री खासबागेला लागून असलेले, महाराजांनीच १९१५ साली उभारलेले नाट्यगृह, आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. ती दृश्ये येथे, शेकडो मैल दूर, पाहताना आमच्यापैकी अनेकांचे डोळे भरून आले. गाव सुटले तरी गावाची ओढ सुटत नाही, याचा त्या रात्री प्रत्यय आला.

परंतु घरोघरी एक शल्यही आहे. आपण कोल्हापूरच्या, सांगलीच्या, बेळगावच्या मैदानांची खबर ठेवतो. आपली मुले मात्र कंठीरव स्टेडियमवर निळा सदरा घालून बंगळूरच्या फुटबॉल संघाचा जयजयकार करतात. त्यांना आपल्या गावची नावेही नीट ठाऊक नसतात. मुले आपल्याला दुरावली काय, असा प्रश्न वडीलधाऱ्यांच्या मनात डोकावतो. आम्हीही त्यातून सुटलेलो नाही.

महाराजांचे चरित्र आठवले, की या प्रश्नाची धार बोथट होते. कागलच्या घराण्यात जन्मलेल्या, धारवाडास शिकलेल्या त्या राजाने दत्तक मिळालेल्या गावावर पोटच्या गावासारखे प्रेम केले, आणि त्या गावानेही त्याला कधी परका मानले नाही. आपल्या मुलांनी बंगळूरला दत्तक घेतले आहे, किंवा बंगळूरने त्यांना. त्यात हानी ती कोणती? मात्र आपण त्यांना एकदा खासबागेत न्यावे, सर्वांत वरच्या रांगेत बसवावे आणि तेथून हौदा कसा स्वच्छ दिसतो, ते दाखवावे. मग ती कोणत्याही संघाचा जयजयकार करोत, शेजारच्याला दिसते आहे ना, एवढे पाहण्यास ती विसरणार नाहीत.