इब्ने खल्दून : जुलूम आणि राज्याचा हिशोब सांगणारे काझी

इब्ने खल्दून यांना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. पण रयत आणि हुकूमत यांचं नातं कशावर टिकतं, हा त्यांचा मोठा सवाल होता. त्याचं उत्तर शोधण्याआधी त्यांनी दरबारही पाहिला आणि कैदखानाही.

त्यांचा जन्म १३३२ साली ट्युनिसमध्ये झाला. घराणं मूळचं अंदलुसमधल्या सेव्हिलचं. लहानपणीच कुरआन हिफ्ज केलं, हदीस आणि फिकह शिकले. सतराव्या वर्षी प्लेगच्या साथीत आई-वडील गेले, अनेक उस्तादही गेले. पुढे फेजच्या दरबारात नोकरी मिळाली, पण कटाच्या संशयावरून जवळपास दोन वर्षं कैदेत काढावी लागली. नंतर ग्रॅनडा, बिजाया असे दरबार झाले. तख्तं उलटताना त्यांनी जवळून पाहिली. स्वतःही बाजू बदलल्या, हे लपवायचं कारण नाही.

१३७५ मध्ये या सगळ्याला कंटाळून ते आजच्या अल्जीरियातल्या इब्ने सलामा किल्ल्यात कुटुंबासह राहिले. तिथेच १३७७ मध्ये ‘मुकद्दिमा’ लिहून झाला.

त्यात त्यांनी मांडलं ते असं. राज्य उभं राहतं असबियतवर, म्हणजे माणसांच्या एकजुटीवर. नवं राज्य साधेपणाने चालतं, कर कमी घेतं. लोक उमेदीने शेती-व्यापार करतात आणि कमी करातूनही खजिना भरतो. मग ऐषोआराम वाढतो, खर्च भागत नाही, कर चढतात. मेहनतीचं फळ हाती उरत नाही म्हटल्यावर लोक हात आखडतात आणि खजिना आटतो. सुलतान स्वतःच व्यापारात उतरला तर सामान्य व्यापारी त्याच्यापुढे टिकत नाही. हक्क नसताना कर लादणं, माणसांना फुकट राबवणं, यालाही ते जुलूमच म्हणतात. अशाने आधी वस्ती उजाड होते, मग राज्य.

१३८४ मध्ये ते काहिरात मालिकी काझी झाले. वशिला चालू दिला नाही, म्हणून बडे लोक नाराज झाले. त्याच सुमारास ट्युनिसहून येणारं त्यांचं कुटुंब जहाज बुडून गेलं. पदही गेलं. पुन्हा नेमणूक, पुन्हा बडतर्फी. एकूण सहा वेळा ते काझी झाले. १४०१ मध्ये दमास्कसला वेढा पडला असताना तटावरून दोराने खाली उतरून ते तैमूरला भेटले. १४०६ मध्ये काहिरातच त्यांचा इंतकाल झाला.

त्यांच्या काळात रयतेकडे मत नव्हतं. जुलूम असह्य झाला की काम सोडायचं, गाव सोडायचं, एवढंच तिच्या हाती होतं. आपल्या हाती मत आहे, माहितीचा अधिकार आहे, ग्रामसभा आहे. म्हणून घरपट्टी भरताना तिचा हिशोबही मागायला हवा, आणि तो कसा मागायचा हे मुलांनाही शिकवायला हवं, असं आम्हाला वाटतं.