विल्मा रुडॉल्फ : कॅलिपर ते सुवर्णपदक

२० वर्षांखालील खेळाडूंसाठी आज वेगळी जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा असते. ती पहिल्यांदा १९८६ मध्ये अथेन्सला भरली. आपल्या हिमा दासने २०१८ मध्ये फिनलंडमधील टाम्पेरे शहरात ४०० मीटरचं सुवर्ण जिंकलं, ते याच स्पर्धेत. पण १९५६ साली असं काही नव्हतं. सोळा वर्षांच्या मुलीला जगाशी शर्यत लावायची, तर थेट ऑलिम्पिकमध्ये, मोठ्या बायकांच्या बरोबरीने पळावं लागे. अशाच एका मुलीची ही ओळख.

विल्मा रुडॉल्फचा जन्म २३ जून १९४० रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्यात, क्लार्क्सव्हिल गावाजवळ झाला. दिवस भरण्याआधीच जन्मलेली, वजन जेमतेम दोन किलो. वडिलांच्या दोन लग्नांची मिळून बावीस मुलं, त्यात हिचा नंबर विसावा! चार-पाच वर्षांची असताना पोलिओ झाला आणि डावा पाय लुळा पडला. पायाला लोखंडी कॅलिपर आला.

आता तिच्या आईकडे बघा. ती गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, साफसफाई करायची. काळ्या माणसांवर उपचार करणारं मोठं रुग्णालय होतं नॅशव्हिलला, म्हणजे सुमारे ८० किलोमीटर दूर. दर आठवड्याला माय-लेकी बसने तिथे जात, आणि बसमध्येही काळ्यांनी मागच्याच बाकांवर बसायचं असा नियम होता. डॉक्टरांनी पाय चोळण्याची पद्धत शिकवली. आईने ती मोठ्या भावंडांना शिकवली आणि घरात दिवसातून चार-चार वेळा, पाळीपाळीने, विल्माचा पाय चोळला जाऊ लागला. ऑलिम्पिकची खरी तयारी तिथेच सुरू झाली असं मला वाटतं. बारा वर्षांची होईपर्यंत ती कुठल्याही आधाराशिवाय चालू लागली होती.

मग काय, भावांबरोबर अंगणात बास्केटबॉल सुरू! शाळेच्या संघातही आली. उंच, सडपातळ आणि सारखी इकडून तिकडे भिरभिरणारी, म्हणून शाळेच्या प्रशिक्षकांनी तिचं नाव ‘डास’ ठेवलं. टेनेसी स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक एड टेंपल यांनी तिला हेरलं आणि उन्हाळी शिबिरात बोलावलं. त्याआधी टस्कीगीच्या मोठ्या स्पर्धेत ती एकूण एक शर्यत हरली होती. नुसतं जोरात पळणं पुरत नाही हे तिला तिथे कळलं.

१९५६ ला मेलबर्न. २०० मीटरमध्ये ती प्राथमिक फेरीतच बाद झाली, पण ४ × १०० मीटर रिलेमध्ये कांस्यपदक मिळालं. शाळेत परतल्यावर पदक वर्गभर फिरलं, त्यावर सगळ्यांच्या बोटांचे ठसे उमटले. घरी येऊन तिने ते घासघास घासलं, पण कांस्य काही चकाकेना. तेव्हाच तिने ठरवलं, पुढच्या वेळी सोनं!

मध्ये १९५८ मध्ये तिला मुलगी झाली. शिक्षण, बाळ आणि सराव, तिन्ही सांभाळणं सोपं नव्हतं. घरच्यांनी बाळ सांभाळलं, म्हणून ती विद्यापीठात जाऊ शकली. १९६० मध्ये रोमला पोहोचली तर १०० मीटरच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी घोटा मुरगळला. तरीही १०० मीटर ११.० सेकंदांत जिंकली. वारा पाठीमागून जास्त असल्याने ती वेळ विक्रम म्हणून धरली गेली नाही, एवढंच. मग २०० मीटर. मग रिले, ज्यात चौघीही टेनेसी स्टेटच्या! शेवटच्या टप्प्यात बॅटन घेताना गडबड झाली, हातातून निसटता निसटता राहिला, तरी विल्माने पुढे गेलेल्यांना गाठून शर्यत जिंकली. एकाच ऑलिम्पिकमध्ये ॲथलेटिक्सची तीन सुवर्णपदकं मिळवणारी ती पहिली अमेरिकन महिला.

पण तिची मोठी कसोटी गावी परतल्यावर होती. क्लार्क्सव्हिलमध्ये मिरवणूक निघणार होती, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे गोरे एकीकडे, काळे दुसरीकडे. असा सत्कार असेल तर मी येणार नाही, असं विल्माने स्पष्ट कळवलं. वीस वर्षांची मुलगी, समोर अख्खं गाव! ४ ऑक्टोबर १९६० ला मिरवणूक निघाली, ती दोघांची मिळून, आणि रात्री जेवायलाही सगळे एकत्र बसले. गावात असं पहिल्यांदाच घडत होतं.

१९६१ मध्ये स्टुटगार्टला तिने १०० मीटरचा ११.२ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. १९६२ मध्ये, ऐन भरात असताना, तिने पळणं थांबवलं. हौशी खेळाडूंच्या नियमांमुळे पळण्यातून तिला पैसा असा मिळालाच नव्हता. १९६३ मध्ये शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन ती गावच्या प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवू लागली, म्हणजे आम्हा शिक्षकांपैकीच एक झाली. शिवाय आपल्याच जुन्या हायस्कूलच्या मुलींना धावायला शिकवायची. पुढे १९८१ मध्ये तिने गरीब मुलांच्या खेळासाठी संस्था काढली.

१२ नोव्हेंबर १९९४ रोजी मेंदूच्या कर्करोगाने तिचं निधन झालं. वय फक्त ५४. आज क्लार्क्सव्हिलमधल्या एका मोठ्या रस्त्याला तिचं नाव आहे.